चित्रा नक्षत्र, ‘रा’ अक्षर आणि राजुल

गेल्या पौषात माझ्या लेकीला मुलगी झाली. जन्म चित्रा नक्षत्राच्या तिसऱ्या चरणातला. पंचांगाच्या हिशेबाने रास तूळ आणि नावाचे आद्याक्षर ‘रा’. आमचे घर सांगलीकडचे, दिगंबर. लेकीचे सासर पुण्यातले, श्वेतांबर गुजराती. त्या घरात नाव ठेवण्याचा मान फोईचा, म्हणजे आपल्याकडच्या आत्याचा. बाळाची फोई विचारी मुलगी आहे. तिने आठ दिवस शोधाशोध केली आणि एका संध्याकाळी, सगळे चहाला बसलेले असताना, नाव सांगितले : राजुल.

मला मनापासून आनंद झाला. विहीणबाईंनी मात्र हातातली बशी खाली ठेवली. त्या म्हणाल्या, “नाव गोड आहे, पण नशीब कसले आहे ते बघा ना. दारी आलेली वरात माघारी गेली त्या मुलीची. पाळण्यातल्या पोरीला असले नाव कशाला?”

पुढचे दोन महिने त्या घरात हा प्रश्न निकाली निघाला नाही. विहीणबाई अडाणी नाहीत. तीस वर्षे त्यांनी पाठशाळेत मुलांना सूत्रे शिकवली आहेत. त्यामुळे त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेणे मला जमेना. त्या निमित्ताने मी या नावाच्या मागे लागले आणि जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवते आहे.

आधी शब्द पाहू. ‘राजुल’ हे लाडके, घरगुती रूप. मूळ संस्कृत नाव राजीमती, प्राकृतात राईमई. ‘राजी’ म्हणजे ओळ, रांग, रेघ. वनराजी, रोमराजी हे शब्द मराठीत आपण वापरतोच. शेवटचे ‘मती’ हे बुद्धी या अर्थाचे नव्हे. श्रीमती, इंदुमती यांत आहे तोच हा ‘युक्त’ या अर्थाचा प्रत्यय. तेव्हा राजीमती म्हणजे रेषांनी, ओळींनी शोभणारी. पुढे लोकांच्या तोंडी ‘जी’ ऱ्हस्व झाली, मग गळली, आणि राजमती झाले. आता ऐकणाऱ्याला त्यात राजा दिसू लागला. दक्षिण महाराष्ट्रातील आमच्या समाजात हेच रूप रुळले. घरात एक नेमिनाथ किंवा नेमगोंडा असला की कुठेतरी एक राजमती असायचीच. राजस्थानी आणि गुजराती जिभेने त्याच नावाला ‘ल’कार जोडून राजल, राजुल केले.

गंमत अशी की नेमि या शब्दाचा अर्थ चाकाची धाव, तिचा घेर. एकाच्या नावात वर्तुळ, दुसरीच्या नावात रेघ. असल्या जुळणीला मी फार महत्त्व देत नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

कथा वाचकांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. समुद्रविजय आणि शिवादेवी यांचे पुत्र अरिष्टनेमी, श्रीकृष्णाचे चुलतबंधू. कृष्णाच्या पुढाकाराने राजीमतीशी विवाह ठरतो. वरात निघते. वाटेत वाड्यात कोंडलेली, भयाने ओरडणारी जनावरे दिसतात. सारथी सांगतो की ही वऱ्हाडाच्या जेवणासाठी आहेत. नेमिकुमार अंगावरचे अलंकार काढून सारथ्याला देतात, रथ वळवतात आणि रैवतक पर्वतावर, म्हणजे आजच्या गिरनारवर, दीक्षा घेतात.

विहीणबाईंच्या मनातली राजुल इथेच थांबलेली होती, गवाक्षात, मेंदीच्या हातांनी. माझ्याही मनातली तशीच होती. त्यात आम्हा दोघींचा दोष नाही. शतकानुशतके कवींनी तिला तिथेच उभी ठेवली आहे. विनयचंद्रसूरींची ‘नेमिनाथ चतुष्पदिका’ जुन्या गुजरातीतील बारमासी काव्यांत अगदी आरंभीची गणली जाते. तिच्यात राजुल सखीशी बोलत एकेक महिना कंठते. विक्रमकवीने ‘नेमिदूत’ लिहिले ते कालिदासाच्या मेघदूतातील प्रत्येक श्लोकाचा शेवटचा चरण घेऊन, आणि त्या चरणांवर राजीमतीचा विरह उभा केला. आनंदघनांच्या चोवीशीतले बाविसावे स्तवन तर तिच्याच तोंडचे, आठ भवांची प्रीत नवव्या भवात का तोडता असे विचारणारे. अबूवरच्या लूणवसहीत, वस्तुपाल आणि तेजपाल या पोरवाड मंत्री बंधूंनी विक्रम संवत १२८७ मध्ये नेमिनाथांना अर्पण केलेल्या मंदिरात, छताच्या संगमरवरात ही वरात कोरली आहे. आपल्या मराठीतही जिनदासांनी आरंभिलेल्या आणि पुण्यसागरांनी पुरे केलेल्या हरिवंशपुराणातून नेमिनाथांची कथा घराघरांत पोचली. लग्नाच्या आदल्या रात्री म्हटल्या जाणाऱ्या गाण्यांत राजुल येते आणि बायकांचे डोळे भरून येतात. इतकी गाणी रडली तर नावाला ओल येणारच.

पण आगमातली राजीमती रडत बसत नाही. उत्तराध्ययन सूत्राचे बाविसावे अध्ययन ‘रथनेमीय’ या नावाने ओळखले जाते. ते मी या निमित्ताने प्रथमच पूर्ण वाचले. हा भाग श्वेतांबर आगमांतला असल्याने माहेरी तो कधी कानांवर पडला नव्हता. आमच्या पुराणांत राजीमती आर्यिका होते एवढेच आजीने सांगितलेले. या अध्ययनात तिचा शोक आहे, पण तो मोजक्या ओळींत आटोपतो. पुढे ती विचार करते, निश्चय करते आणि भुंग्यांसारखे काळेभोर केस स्वतःच्या हातांनी उपटून दीक्षा घेते. तिच्या मागोमाग सगेसोयरे, परिजन असे पुष्कळजण निघतात. वासुदेव कृष्ण तिला संसारसागर लवकर तरून जाण्याचा आशीर्वाद देतो.

त्यापुढचा प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. रैवतकावर चढताना पाऊस गाठतो. भिजलेली राजीमती एका अंधाऱ्या गुहेत शिरते आणि ओली वस्त्रे वाळवायला पसरते. त्याच गुहेत नेमिनाथांचा भाऊ रथनेमी ध्यानाला बसलेला आहे, तोही दीक्षित साधू. तिला पाहून त्याचे मन ढळते. तो म्हणतो, चल, आधी संसारसुख भोगू, धर्म नंतर आचरू. ती घाबरते, थरथरते. सूत्र ते लपवत नाही. पण लगेच सावरते आणि बोलू लागते. आपण दोघे कोणत्या कुळातले याची आठवण देते. अगंधन कुळातला सर्प आगीत उडी घेईल पण ओकलेले विष परत पिणार नाही, हा दाखला देते. दिसेल त्या स्त्रीवर मन जाऊ लागले तर वाऱ्याने हेलकावणाऱ्या पाणवनस्पतीसारखी तुझी गत होईल, असे सांगते.

आणि मग एक दृष्टान्त देते. तो वाचताना मला आमच्या सांगलीच्या हळदीच्या वखारीची आठवण झाली. ती म्हणते, गुरे राखणारा गुराखी त्या गुरांचा धनी नसतो, कोठारातला माल सांभाळणारा त्या मालाचा धनी नसतो. तसाच तू या श्रमणपणाचा नुसता राखणदार होशील, धनी होणार नाहीस. पेढीवर बसणाऱ्या कोणालाही हे समजावून सांगावे लागू नये. वखारीत हजार पोती पडलेली असतात, किल्ली दिवाणजींच्या कमरेला असते, आणि तरी त्यातले एक पोतेही त्यांचे नसते. साधूचा वेष म्हणजे कमरेची किल्ली, हे त्या भिजलेल्या साध्वीने भर गुहेत सांगितले. अंकुशाने हत्ती ठिकाणावर यावा तसा रथनेमी ठिकाणावर आला. सूत्र सांगते, पुढे दोघेही केवलज्ञान पावून सिद्ध झाले. दशवैकालिक सूत्राच्या दुसऱ्या अध्ययनातही हाच उपदेश येतो.

ही हकीकत मी विहीणबाईंना सांगायला गेले तेव्हा त्या हसल्या. “विहीणबाई, ते अध्ययन मी कितीदा वाचून घेतले आहे मुलांकडून,” त्या म्हणाल्या. “राजीमती महासती आहे, याबद्दल माझे दुमत नाही. पण नाव ऐकून लोकांना काय आठवते? गुहा आठवत नाही, वरात आठवते.” यावर मला तेव्हा उत्तर सुचले नाही. मुलीला नाव लोकांमध्येच वागवायचे असते, हे तर खरेच.

लोकांच्या मनात नावांचे दिवस कसे पालटतात हेही या निमित्ताने पाहता आले. माहेरच्या वंशावळीत माझ्या आजीच्या पिढीत तीन राजमती आहेत. आईच्या पिढीत एक. माझ्या पिढीत एकही नाही. आम्ही सगळ्या सुनीता, सुरेखा, उज्ज्वला. ‘राजमती’ आमच्या कानाला जड वाटू लागले होते, नऊवारीसारखे. त्याच काळात मुंबई-पुण्याच्या गुजराती घरांत मात्र राजुल हे नाव अगदी नवे, सुटसुटीत म्हणून चालत होते. माझ्या परिचयातल्या राजुल आज पन्नाशी-साठीच्या आहेत. एक हिशेबनीस, एक दंतवैद्य. त्यांच्या लेकींची नावे हेतल, जिनल अशी, आणि नातींची कियारा, मायरा. मायरा या नावाचे मला नेहमी नवल वाटते. मारवाडी घरांत मायरा म्हणजे भाचीच्या लग्नात मामाने आणायचा आहेर. उद्या त्या मायराच्या लग्नात मामा मायरा घेऊन येईल तेव्हा पत्रिका कशी छापणार कोण जाणे.

नावे दूरही भेटतात. कुमाऊँच्या डोंगरात ‘राजुला मालूशाही’ ही लोकगाथा पिढ्यान्‌पिढ्या गातात. तिथली राजुला तिबेटशी व्यापार करणाऱ्या सुनपती शौक या सावकाराची लेक, स्वतः डोंगर ओलांडून प्रियकराला शोधायला निघालेली. जुन्या राजस्थानीतील ‘बीसलदेव रासो’ची नायिका राजमती, भोज परमाराची कन्या, तीही पतीची वाट पाहत बारा महिने मोजते. यांचा आपल्या राजीमतीशी संबंध जोडण्याचे कारण नाही, पण वाट पाहणाऱ्या नायिकेचे नाव राजमती असावे हा योगायोग मात्र चटकन लक्षात राहतो.

आणि वाट न पाहणारीही एक आहे, आपल्या फार जवळची. सोलापूरच्या श्राविकाश्रमाला नाव आहे क्षुल्लिका राजुलमतींचे. याच आश्रमाच्या संचालिका म्हणून पंडिता सुमतीबाई शहा यांनी षट्खंडागमासारख्या ग्रंथाचे संपादन केले. परित्यक्ता आणि विधवा बायकांना घराच्या कोपऱ्यात बसवण्याची रीत होती त्या काळात या संस्थेने त्यांच्या हाती पुस्तक दिले. राजुल या नावाला वरातीखेरीज दुसरे काही आठवायचे असेल तर महाराष्ट्रात हे आठवावे. माझी एक राजमती आजी बालविधवा होती. माहेरच्या जुन्या चोपड्यात तिचे खाते आहे. बायकांची नावे त्या चोपड्यांत सहसा सापडत नाहीत. सगळ्या ‘घरखर्चा’त बुडालेल्या. हिचे नाव आहे, कारण तिने आपले दागिने मोडून ती रक्कम पेढीत व्याजी ठेवली होती. मोडी अक्षरात मथळा आहे, ‘बाई राजू’. दर दिवाळीला व्याज जमा, आणि दर पर्युषणात गावातल्या एका मुलीच्या शाळेची फी नावे. ही सांगण्यासारखी गोष्ट आहे असे घरात कोणालाही कधी वाटले नव्हते.

त्या खात्याचे छायाचित्र मी विहीणबाईंना दाखवले. मोडी त्यांना येत नाही, म्हणून वाचून दाखवले. त्या काही बोलल्या नाहीत. व्याजाचा दर काय होता एवढे विचारले. मी सांगितला. “बरा होता,” म्हणाल्या.

फोईने मात्र वेगळाच मुद्दा काढला. कल्पसूत्र सांगते की भगवान अरिष्टनेमींच्या च्यवनापासून निर्वाणापर्यंत पाचही घटना चित्रा नक्षत्रावर घडल्या. आमचे बाळही चित्राचेच. “नक्षत्र नेमिनाथांचे, अक्षर रा, आता मी आणखी काय शोधू?” असे तिने आईला विचारले. नोंदणीची घाई नव्हती. जन्मदाखल्यावर नावाचा रकाना कोरा ठेवता येतो आणि वर्षाच्या आत नाव विनाशुल्क भरता येते. पण रकाना कोरा असला तरी मूल कोरे राहत नाही. तोवर सगळे तिला बेबी म्हणू लागले होते, आणि ते फोईला मुळीच मान्य नव्हते.

चैत्रात पाळणा झाला. फोईने बाळाच्या कानात नाव सांगितले, मग मोठ्याने सांगितले. विहीणबाईंनी सगळ्यांना पेढे वाटले, मलाही दिले, नावाबद्दल चकार शब्द काढला नाही. त्यानंतरही त्या नातीला बेबीच म्हणत. मीही विषय काढायचे सोडून दिले.

गेल्या आठवड्यात लेकीला फोन केला तो विहीणबाईंनी उचलला. मागून रडण्याचा आवाज येत होता. “दोन मिनिटांनी करा हो विहीणबाई,” त्या घाईने म्हणाल्या, “राजू उठलीय.”