कॉसमॉस लावा, पण कुंपणाच्या आत

भगिनींनो, परसातल्या ज्या हलक्या जमिनीत वांगी-मिरची धड येत नाहीत, तिथे यंदा कॉसमॉस लावून पाहा. हे फूलझाड मूळचे मेक्सिकोचे. काव्हानिलेस या स्पॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १७९१ साली त्याला हे नाव दिले.

आपल्याकडे त्याचे दोन प्रकार दिसतात. गुलाबी-पांढऱ्या फुलांचा, शेपूसारख्या बारीक पानांचा प्रकार थंडीत खुलतो. त्याचे बी सप्टेंबर-ऑक्टोबरात टाकावे. पिवळ्या-केशरी फुलांचा प्रकार उन्हाला दबत नाही. तो पावसाळ्याच्या तोंडीही लावता येतो.

जागा भर उन्हाची आणि निचऱ्याची निवडावी. बी अर्ध्या पेराहून खोल पुरू नये. आठ-दहा दिवसांत रोपे वर येतात. ती विरळ करून दोन रोपांत फूटभर अंतर ठेवावे. रोप वीत-दीड वीत झाले की शेंडा खुडावा, म्हणजे फांद्या फुटून फुले जास्त लागतात. सुमारे दोन महिन्यांत फुलोरा सुरू होतो.

खताच्या बाबतीत मात्र हात आखडता घ्यावा. मायेपोटी शेणखताची पाटी ओतली, की झाड नुसते पाल्याने माजते, फुले कमी येतात आणि वाऱ्यात आडवे होते. पाणीही माती सुकल्यावरच द्यावे. उंच झाडांना काठीचा आधार पुरे.

फुलांवर मधमाश्या येतात. जवळच काकडी-भोपळ्याचे वेल असतील, तर त्या तिकडेही फिरतात आणि फळधारणेला मदत होते.

आता महत्त्वाचे. पिवळा कॉसमॉस एकदा सुटला की आवरत नाही. पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवर पावसाळा सरताना तो केशरी होऊन पसरलेला दिसतो. पाहणाऱ्याला हौस वाटते. पण तिथे पूर्वीपासून उगवणाऱ्या सोनकीची, तेरड्याची आणि वैरणीच्या गवताची जागा तो अडवतो. फूल घरचे, पण तोटा सगळ्या गावाच्या गुरांचा!

म्हणून सुकू लागलेली फुले वेळेवर खुडावीत. पुढच्या वर्षापुरते काळे, सुईसारखे बी कोरड्या डबीत ठेवावे. उरलेले बी चुलीत घालावे. उकिरड्यावर, बांधावर किंवा ओढ्यात टाकू नये. डोंगरावर तर हौसेनेही उधळू नये. अंगणाची शोभा अंगणातच राहू द्या. गायरान गवतासाठी राखा.