अंग अंथरुणावर, मन चुलीपाशी

मैत्रिणींनो, गटाच्या बैठकीत आपण बचतीवर बोलतो, कर्जाच्या हप्त्यावर बोलतो, रक्त कमी असल्यावरही बोलतो. पण नवरा-बायकोच्या संबंधाचा विषय निघाला की पदर तोंडाला जातो. आज त्यावरच बोलू या. तोही आपल्या आरोग्याचाच भाग आहे.

दिवसभर रान, गुरं, स्वयंपाक, पोरं. रात्री अंग अंथरुणाला टेकतं, पण मन चुलीपाशीच राहतं. उद्या पाणी येईल का? हप्ता कुठून भरायचा? पलीकडे सासूबाई जाग्या असतील का? माझं पोट किती सुटलंय! अशा वेळी जवळ येण्यात सुख कसं वाटणार? मग बाई स्वतःलाच दोष देते, "माझ्यातच काहीतरी कमी आहे." तसं नसतं, ताई. स्पर्श अंगाला होतो, पण तो बरा वाटायला मनही तिथं हजर लागतं.

मनाला हजर राहायची सवय लावणं, यालाच सजग ध्यान म्हणतात. कॅनडात लोरी ब्रोटो नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी कॅन्सरच्या उपचारानंतर संबंधात अडचण येणाऱ्या बायकांना हे ध्यान शिकवलं. त्यात गर्भाशयाचा आणि गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर झालेल्या बायका होत्या. पुढे इच्छा कमी झालेल्या इतर बायकांचेही 8 आठवड्यांचे गट घेतले. अनेकींची इच्छा वाढली, मनाला लागलेली खंतही कमी झाली. एका अभ्यासात दुसऱ्या गटाला ध्यान न शिकवता माहिती दिली आणि मोकळं बोलू दिलं. त्या बायकांनाही फरक पडला. म्हणजे गटात बसून बोलणं हेही कामाचं आहे!

घरी कसं करायचं?

- रोज 5 मिनिटं निवांत बसा किंवा पडा. श्वास आत येतो, बाहेर जातो, एवढंच बघा.
- मग पायाच्या बोटांपासून डोक्यापर्यंत एकेका अवयवाकडे लक्ष न्या. कुठं ऊब आहे, कुठं ताण आहे? चांगलं-वाईट ठरवू नका.
- मन पळालं तर चिडू नका. लहान लेकराला बोट धरून आणतो, तसं परत आणा. ते पळणारच.
- आंघोळ करताना पाण्याचा, भांडी घासताना हाताचा स्पर्श जाणवू द्या. ही सवय लागली की जवळिकीच्या वेळीही मन स्पर्शापाशी आणता येतं.

चार दिवसांत फरक दिसणार नाही. आठ-दहा आठवडे तरी करून बघा. घरधन्यालाही सांगा, की "घाई नको, मला वेळ लागतो." सांगण्यात लाज कसली?

पण दोन गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली, दुखण्यावर ध्यान हे औषध नाही. संबंधाच्या वेळी दुखत असेल, नंतर रक्त जात असेल, वास येणारं पांढरं जात असेल, अंग बाहेर येत असेल, तर आशाताईंना सांगा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. बाळ अंगावर पीत असताना आणि पाळी जायच्या वयात कोरडेपणा येतो. त्यावर उपाय आहेत, तेही विचारा.

दुसरी, ध्यान म्हणजे सोसायला शिकणं नव्हे. शरीराकडे लक्ष दिलं की "हो" कळतं, तसं "नको" पण कळतं. ते "नको" म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. नवऱ्याने जबरदस्ती केली तर 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात लैंगिक अत्याचारही धरला आहे. अशा वेळी 181 या महिला हेल्पलाईनला फोन करा.

पुढच्या बैठकीत हिशोबाची वही उघडण्याआधी सगळ्याजणी 5 मिनिटं डोळे मिटून बसा. नंतर जिला बोलावंसं वाटेल तिनं बोलावं, बाकीच्यांनी ऐकावं. आणि जे ऐकलं ते गटाच्या बाहेर न्यायचं नाही, एवढं आधीच ठरवून घ्या.