साक्षीदाराची स्मृती : प्रयोगशाळेत व रस्त्यावर

मानसशास्त्रीय प्रयोगांचे प्रयोगशाळीय, क्षेत्रीय व नैसर्गिक असे तीन प्रकार सांगण्याची प्रथा आहे. पहिल्यात परिस्थिती व बदलावयाचा घटक ही दोन्ही संशोधकाच्या हाती असतात. दुसऱ्यात तो लोकांच्या नित्य व्यवहारात जाऊन एखादा घटक बदलतो. तिसऱ्यात बदल आपोआप घडतो व संशोधकाने त्याचा मागोवा घ्यावयाचा असतो. हे वर्गीकरण सर्वांस पाठ असते. परंतु एकाच प्रश्नाला दोन प्रकारांकडून भिन्न उत्तरे आली तर काय करावे, याचा विचार क्वचितच होतो.

१९७४ साली लॉफ्टस व पामर यांनी ४५ विद्यार्थ्यांना मोटार-अपघातांच्या सात चित्रफिती दाखवून मोटारींचा वेग विचारला. प्रश्नातील क्रियापद तेवढे निरनिराळे होते. ‘आदळून चुराडा झाला’ अशा अर्थाच्या क्रियापदाला सरासरी उत्तर ताशी ४० मैलांहून अधिक आले. ‘स्पर्श झाला’ अशा अर्थाच्या क्रियापदाला ३१·८. दुसऱ्या प्रयोगात, आठवड्यानंतर, फुटलेली काच पाहिल्याचे चुराड्याच्या गटातील ५० पैकी १६ जणांनी सांगितले. साध्या ‘धडकल्या’च्या गटात असे ७ च होते. चित्रफितीत काच नव्हतीच! इतर सर्व गोष्टी स्थिर असल्यामुळे हा परिणाम क्रियापदाचाच, असे निःशंक म्हणता येते. तथापि चित्रफीत पाहणाऱ्याला जिवाची धास्ती नसते, आणि त्याच्या उत्तरावर कोणाचा तुरुंगवासही अवलंबून नसतो.

युइल व कटशॉल यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेले संशोधन कॅनडातील एका खऱ्या गोळीबारासंबंधी आहे. चार-पाच महिन्यांनी त्यांनी १३ साक्षीदारांना गाठले व मुलाखतीत दिशाभूल करणारे प्रश्न मुद्दाम घातले. बहुतेक साक्षीदार फसले नाहीत. मात्र पोलिसांनी जबानी घेतलेले साक्षीदार २१ होते. उरलेल्यांचे काय, हे कळत नाही. शिवाय अधिक हादरलेले लोकच घटनेच्या अधिक जवळ होते. त्यांची अचूकता भीतीमुळे की सान्निध्यामुळे, हे वेगळे काढता येत नाही. माझ्या मते, न्यायालयासमोर यांपैकी कोणताही एक निष्कर्ष एकटा ठेवणे धोक्याचे आहे.

हे प्रयोग मराठीत करावयाचे तर आणखी एक अडचण आहे. या दिशाभुलीच्या प्रश्नांपैकी एक इंग्रजीतील ‘अ’ व ‘द’ या उपपदांच्या भेदावर आधारलेला होता. मराठीत उपपदे नाहीत. ‘तो फुटलेला दिवा पाहिलात का?’ असे विचारावे, तर ‘तो’ दिव्याचे अस्तित्व गृहीत धरतोच, शिवाय बोटाने दाखविल्यासारखा निर्देशही करतो. म्हणजे बदललेला घटक एकच राहत नाही.