ग्वेंडोलिन ब्रूक्स : ब्राँझव्हिल ते जेफरसन व्याख्यान

मानव्यविद्यांच्या क्षेत्रात अमेरिकेचे केंद्र सरकार जो सर्वोच्च सन्मान देते, तो म्हणजे जेफरसन व्याख्यानाचे निमंत्रण. १९९४ मध्ये हा मान कृष्णवर्णीय कवयित्री ग्वेंडोलिन ब्रूक्स यांना मिळाला, तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती. कलेत वर्णसमता हवी असे अनेकजण भाषणांतून सांगतात. ब्रूक्सबाईंनी ती आधी स्वतःच्या पुस्तकांच्या बाबतीत आचरली, म्हणून त्यांच्या वाटचालीचा मागोवा घ्यावासा वाटतो.

शिकागोच्या दक्षिण भागातली ब्राँझव्हिल ही कृष्णवर्णीयांची वस्ती. तिथली माणसे, खोल्या, गल्ल्या घेऊन १९४५ मध्ये त्यांचा पहिला संग्रह आला, तोही हार्परसारख्या बड्या प्रकाशनाकडून. १९५० मध्ये ‘ॲनी ॲलन’ या संग्रहाला पुलित्झर मिळाले. हे पारितोषिक मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय साहित्यिक.

मग आले १९६७ साल. नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठात कृष्णवर्णीय लेखकांची परिषद भरली. अमिरी बराकांसारखे तरुण लेखक तिथे तडफेने बोलत होते: आपण लिहितो कोणासाठी? पन्नाशीला टेकलेल्या, मानमरातब मिळवलेल्या ब्रूक्सबाईंनी हा प्रश्न मनावर घेतला. मला त्यांचे मोठेपण इथे दिसते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये शिकागोत महापौरांच्या समारंभात पिकासोच्या भव्य शिल्पाचे अनावरण झाले, तिथे त्यांनी कविता वाचली. आणि काही दिवसांतच ४३व्या रस्त्यावरच्या एका जीर्ण इमारतीपाशीही वाचली. स्थानिक कृष्णवर्णीय चित्रकारांनी त्या भिंतीवर आपल्या नायक-नायिकांची चित्रे रंगवली होती: ‘वॉल ऑफ रिस्पेक्ट’. ती भिंत आज उरलेली नाही.

ब्लॅकस्टोन रेंजर्स या टोळीतल्या पोरांसाठी त्यांनी कवितेची कार्यशाळा चालवली. १९६९ पासून नव्या कविता डेट्रॉइटमध्ये डडली रँडल चालवत असलेल्या ब्रॉडसाइड प्रेस या छोट्या कृष्णवर्णीय प्रकाशनाकडे दिल्या. पैसा कमी, वितरण तुटपुंजे, तरी दिल्या. कविता कोणी छापायची आणि त्यातून कोणाची संस्था उभी राहायची, हाही समतेचाच प्रश्न आहे. आपल्याकडे दलित साहित्य ‘अस्मितादर्श’सारख्या नियतकालिकांच्या बळावर वाढले, त्यामुळे मराठी वाचकाला हे वेगळे समजावून सांगायला नको. १९८७ मध्ये ‘ब्लॅक्स’ हा समग्र ग्रंथ तर त्यांनी स्वतःच प्रकाशित केला.

जेफरसन व्याख्यानाला त्यांनी शीर्षक दिले ‘फॅमिली पिक्चर्स’. ब्रॉडसाइडने १९७० मध्ये काढलेल्या त्यांच्या संग्रहाचे नावही हेच होते.