स्पर्धेचं पिस्तुल : काय बदलावं, काय तसंच ठेवावं

मी नेमबाजी करतो असं सांगितलं की मंडळातल्या लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "इथे? पिस्तुलावर तर बंदी आहे ना?" दुसरा प्रश्न असतो खर्चाचा. आणि ज्यांच्या घरी मुलगा किंवा मुलगी हल्ली क्लबात जायला लागली आहे, त्यांचा तिसरा प्रश्न असा, की पिस्तुल घेतलं, आता त्याला आणखी काय काय लावायचं? या तिन्ही प्रश्नांची उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बंदीची गोष्ट खरी आहे. १३ मार्च १९९६ रोजी स्कॉटलंडमधल्या डनब्लेन गावच्या शाळेत १६ मुलं आणि त्यांच्या शिक्षिका गोळीबारात मारल्या गेल्या. त्यानंतर १९९७ साली पार्लमेंटने दोन कायदे केले. पहिल्याने मोठ्या कॅलिबरची पिस्तुलं गेली, दुसऱ्याने पॉइंट टू-टूसुद्धा. इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये काडतुसाच्या पिस्तुलाची नेमबाजी जवळजवळ संपलीच. ब्रिटनच्या निवडक खेळाडूंना सरावासाठी परदेशी जावं लागलं. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये वुलिचला पिस्तुलाच्या स्पर्धा झाल्या त्या सरकारच्या खास परवानगीने. आपल्या कोल्हापूरची राही सरनोबत तिथे २५ मीटर पिस्तुल प्रकारात उतरली होती. पुढे २०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत आणि २०१८ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत तिने याच प्रकारात सुवर्णपदक मिळवलं.

तुमच्या-आमच्यासाठी उरलं ते हवेचं पिस्तुल, म्हणजे १० मीटरवरून ४.५ मिलिमीटरचा शिशाचा छर्रा मारणारं एअर पिस्तुल. याला गरीब भावंड समजू नका. हा ऑलिंपिकचा प्रकार आहे. मनू भाकरला २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये दोन ब्राँझपदकं मिळाली ती दोन्ही १० मीटर एअर पिस्तुलातच. स्लाऊकरांना तर घरबसल्या सोय आहे. बिस्ली आपल्यापासून मोटारीने तासाभराच्या आत. तिथलं लॉर्ड रॉबर्ट्स सेंटर २००२ च्या मँचेस्टर राष्ट्रकुल स्पर्धेसाठी बांधलेलं. ज्यांचं नाव त्याला दिलं आहे ते फील्ड मार्शल जन्मले होते आपल्या कानपूरला! आणि त्याच बिस्लीत, त्याच स्पर्धेत आपल्या अंजली भागवतने रायफलमध्ये चार सुवर्णपदकं मिळवली.

आता कायद्याचं थोडं, कारण पिस्तुलात बदल करण्याशी त्याचा थेट संबंध आहे. इंग्लंडमध्ये ६ फूट-पौंडांपर्यंत, म्हणजे साधारण ८ ज्यूलपर्यंत शक्तीच्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही. विकत घेणारा १८ वर्षांचा हवा आणि दुकानातून घेताना ते समोरासमोरच ताब्यात घ्यावं लागतं. (स्कॉटलंडमध्ये २०१६ च्या अखेरीपासून परवाना लागतो, तिकडे राहणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.) ६ फूट-पौंडांच्या वर गेलं की तेच पिस्तुल कायद्याने प्रतिबंधित शस्त्र ठरतं. म्हणून जास्त ताकदीची स्प्रिंग, वेग वाढवणारा व्हॉल्व्ह अशा वस्तू कुणी कितीही स्वस्तात देऊ केल्या तरी त्यांच्या वाटेला जाऊ नका. आपल्यापैकी कित्येकांचे नागरिकत्वाचे अर्ज अजून व्हायचे आहेत आणि त्यात वर्तणूक तपासली जाते. चार पौंडांच्या स्प्रिंगसाठी तो धोका कोण घेईल? शिवाय त्याची गरजही नाही. स्पर्धेच्या पिस्तुलातून अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला सुमारे १५० मीटर वेगाने निघतो. ही शक्ती ६ ज्यूलच्या आत भरते आणि कागदाला भोक पाडायला ती भरपूर आहे.

मग बदलायचं काय? त्यासाठी आधी गुण कुठे जातात ते पाहू. दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचं असतं आणि त्याबाहेर प्रत्येक गुणाचं कडं ८ मिलिमीटरचं. समजा तुमचा सगळा हात, पिस्तुलासकट, ५ मिलिमीटर बाजूला सरकला, पण पुढची साइट (जिला आपल्याकडे माशी म्हणतात) मागच्या खाचेत बरोबर मध्ये राहिली. छर्राही ५ मिलिमीटरच सरकेल आणि गुण दहाच मिळतील. आता उलट समजा. हात स्थिर आहे, पण चाप ओढताना माशी खाचेतून फक्त अर्धा मिलिमीटर बाजूला गेली. दोन्ही साइटमधलं अंतर साधारण ३३० मिलिमीटर असतं. म्हणजे १० मीटरवर ही चूक तीसपट होऊन छर्रा १५ मिलिमीटर बाजूला पडतो. दहाचा नऊ झाला, तोही काठावरचा! हे गणित एकदा पटलं की खरेदीची यादी आपोआप लहान होते. हात हलतो म्हणून गुण जातात असं नवशिक्याला वाटतं, पण जास्त गुण जातात ते मनगट वळल्याने आणि चाप वेडावाकडा ओढल्याने. चांगल्या पिस्तुलाची नळी शिकंजात धरून मारली तर छर्ऱ्यामागे छर्रा त्याच भोकातून जातो. म्हणजे नळीवर खर्च करणं व्यर्थ आहे. खर्च करायचा तो जिथे आपलं शरीर पिस्तुलाला भेटतं तिथे.

पहिली भेट मुठीची, म्हणजे ग्रिपची. पिस्तुलाबरोबर येणारी अक्रोडाची मूठ लहान, मध्यम, मोठ्या मापात मिळते आणि दुकानदार बहुधा जे शिल्लक असेल ते देतो. आपल्या लोकांचे, विशेषतः बायकांचे आणि मुलांचे, हात युरोपियन मापापेक्षा लहान असतात. योग्य मूठ ओळखायची परीक्षा सोपी आहे. डोळे मिटा, हात नेहमीसारखा उचला, दोन श्वास घ्या आणि डोळे उघडा. माशी खाचेच्या मध्ये दिसली तर मूठ तुमची. ती दर वेळी डावीकडे किंवा उजवीकडेच दिसत असेल, तर मूठ फिरवायला किंवा घासायला हवी. बोटाचं पेर चापावर सरळ मागे यावं आणि बोटाची बाजू लाकडाला टेकू नये. लाकूड घासायला पॉलिश पेपर आणि भरायला दोन नळ्यांतून मिसळायची लाकडाची लांबी पुरते. एका वेळी अगदी थोडं घासावं आणि आठवडाभर मारून पाहावं. तेवढ्याने जमलं नाही तरच हाताच्या मापाने बनवलेली मूठ मागवावी. दीडशे-दोनशे पौंड जातील, पण या खेळात याहून चांगला खर्च नाही. एक नियम मात्र विसरू नका : मुठीचा कुठलाही भाग मनगटाला वेढा घालणारा किंवा आधार देणारा चालत नाही.

दुसरी भेट चापाची, आणि ती फुकट आहे. स्पर्धेच्या पिस्तुलाला चापाची जागा, कोन, पहिल्या टप्प्याचं वजन, दुसऱ्याचं वजन हे सगळं फिरवायचे स्क्रू असतात. नियमाने चाप किमान ५०० ग्रॅमचा हवा. तपासणीत पिस्तुल उभं धरून चापाला तेवढं वजन लटकवतात आणि ते उचललं गेलं पाहिजे. हौशी माणूस बरोबर ५०० वर लावतो, मग हवामान बदलतं, स्क्रू सैलावतो, आणि स्पर्धेनंतरच्या तपासणीत नापास झाल्यामुळे सगळे गुण रद्द होतात. मी ५२० च्या आसपास ठेवतो. वीस ग्रॅमने नेम बिघडत नाही, झोप मात्र चांगली लागते.

विजेवर चालणारा चाप घ्यावा का? त्याचं सुटणं फार स्वच्छ असतं, यात वाद नाही. पण यंत्र जितकं नाजूक तितकी काळजी जास्त. २०२१ साली झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये मनू भाकरचं पिस्तुल पात्रता फेरीतच बिघडलं. दुरुस्तीत मोलाची मिनिटं गेली आणि अंतिम फेरी थोडक्यात हुकली. तिच्याजवळ प्रशिक्षक होते, सुटे भाग होते. आपल्याजवळ शनिवारी सकाळी काय असतं? पहिल्या पिस्तुलाला साधा यांत्रिक चापच बरा.

तिसरी भेट डोळ्याची. चाळिशी ओलांडलेल्या वाचकांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा. लक्ष माशीवर हवं, काळा गोल थोडा धूसर दिसला तरी चालतो. माशी डोळ्यापासून साधारण एक मीटरवर असते, म्हणून लांबच्या नंबरात अर्धा किंवा पाऊण डायॉप्टर वाढवून एक साधी एकाच नंबराची काच करून घ्यावी. व्हेरिफोकल चष्म्यात मान वरखाली करत बसावं लागतं आणि दर वेळी वेगळंच दिसतं. ही काच चष्म्यात चालते, पिस्तुलाच्या साइटवर नाही. दुर्बिणीची किंवा लाल ठिपक्याची साइट या स्पर्धेत अजिबात चालत नाही. माशीच्या पट्ट्या निरनिराळ्या रुंदीच्या मिळतात. खाचेत दोन्ही बाजूंना प्रकाशाची रेघ स्पष्ट दिसेल अशी निवडा.

पॅरिसमध्ये तुर्कस्तानचा युसुफ डिकेच साध्या चष्म्यात, एक हात खिशात घालून रौप्यपदक घेऊन गेला आणि जगभर त्याचं कौतुक झालं. 'पाहा, काही लागत नाही' असं मलाही कितीजणांनी ऐकवलं. पण त्याच्या हातातलं पिस्तुल स्पर्धेच्याच दर्जाचं होतं आणि खिशातला हात ही पिस्तुल नेमबाजांची नेहमीचीच पद्धत आहे. त्याने काय लावलं नव्हतं यापेक्षा जे होतं ते त्याला किती नीट बसलं होतं, ते पाहावं.

उरलेल्या गोष्टी थोडक्यात. छर्रे सपाट तोंडाचेच घ्या. ४.४९, ४.५० अशा मापांचे डबे एकेक आणून आपल्या नळीला कोणता मानवतो ते पाहा. शिसं हाताला लागतं, तेव्हा डब्यातला चिवडा उघडण्याआधी हात धुवा. तोल साधायची वजनं उशिरा लावा. पिस्तुलाचं एकूण वजन १५०० ग्रॅमच्या आत हवं, पण खांदा आधीच दमतो. जुनं पिस्तुल घेताना हवेच्या सिलिंडरवरची तारीख वाचा. २०० बारचा दाब असतो आणि बऱ्याच सिलिंडरांची मुदत दहा वर्षांचीच असते. आमच्या क्लबातल्या एका सभासदाला स्वस्तात मिळालेल्या पिस्तुलाचे दोन्ही सिलिंडर मुदतबाह्य निघाले आणि नव्यांच्या किमतीत सगळी बचत गेली. घरात मुलं असतील तर कुलूपबंद पेटी ही हौस नव्हे. १८ वर्षांखालच्यांच्या हाती पिस्तुल पडणार नाही याची वाजवी खबरदारी घेणं कायद्याने बंधनकारक आहे. नेताना-आणताना पेटी बंद असावी, आणि वाटेत मित्राला दाखवायला उघडू नये.

तर क्रम असा लावा : आधी वर्षभर क्लबाच्या पिस्तुलावर मारा. मग स्वतःचं पिस्तुल घ्या आणि पहिले सहा महिने त्यात स्क्रू फिरवण्यापलीकडे काही करू नका. मग मूठ, मग काच, मग छर्रे. बाकीचं लागेल तेव्हा, आणि लागेलच असं नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत तारीख व गुण लिहा. दोन गोष्टी एकदम बदलल्या की गुण कशाने वाढले ते देवालाही सांगता येणार नाही.

सर्वांत स्वस्त सुधारणा शेवटी सांगतो. स्पर्धेच्या बहुतेक पिस्तुलांत छर्रा न घालता नुसता चाप ओढायची सोय असते. नळी रिकामी आहे हे दोनदा पाहून, कोऱ्या पांढऱ्या भिंतीकडे तोंड करून, रोज पंधरा मिनिटं हा कोरडा सराव करा. समोर लक्ष्य नसलं की डोळ्याला माशी आणि खाच एवढंच दिसतं, आणि चाप सुटताना ती हलते की नाही ते चोख कळतं. याला एक पेनीही लागत नाही. ज्यांना आधी नुसतं येऊन पाहायचं असेल त्यांनी जवळच्या क्लबाला फोन करावा. बहुतेक क्लब नवख्यांना आपलं पिस्तुल देऊन शिकवतात. येताना सपाट तळाचे बूट घाला आणि चेकबुक घरी ठेवून या.