मेंदूच्या आवरणाचा दाह आणि प्रतिजैविके

बालाघाट जिल्ह्यातील बैहरच्या जंगलपट्ट्यात ताप म्हटला की प्रथम हिवताप आठवतो, आणि ते स्वाभाविकच आहे. हिवतापाने तेथे पिढ्यान् पिढ्या ठाण मांडलेले होते. परंतु मूल तापाने फणफणले, मान ताठली, उजेड सोसेनासा झाला, झटके येऊ लागले, म्हणजे तो मेंदूत चढलेला हिवतापच असेल असे नाही. मेंदूला वेढणाऱ्या आवरणांत जंतू शिरले असतील, तर हिवतापाचे औषध तेथे निरुपयोगी ठरते. हा भेद रक्ताच्या थेंबावरून आणि पाठीच्या कण्यातून सुईने काढलेल्या पाण्यावरून कळतो. निरोगी माणसात हे पाणी नितळ असते, जंतूंच्या दाहात बहुधा गढूळ होते. ते काढल्याने मूल पांगळे होते, ही भीती निराधार आहे. मात्र तपासणीस विलंब होणार असेल, तर वैद्य औषधासाठी थांबत नाहीत.

ते औषध करते तरी काय? जंतूभोवती एक चिवट भिंत असते. आत द्रव्यांची दाटी असल्यामुळे बाहेरचे पाणी सारखे आत घुसू पाहते. भिंत आहे म्हणूनच जंतू फुटत नाही. वाढताना तो जुन्या भिंतीत फटी पाडतो, नवे चिरे बसवतो व ते आडव्या दुव्यांनी सांधतो. पेनिसिलीन या सांधणाऱ्या गवंड्याचाच, म्हणजे विशिष्ट विकराचा, हात धरून ठेवते. फटी पडत राहतात, सांधे बसत नाहीत, आणि जंतू फुटतो. माणसाच्या पेशींना अशी भिंतच नाही, म्हणून त्या बचावतात. पुण्याजवळ पिंपरीस १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला, तो या पेनिसिलीनसाठीच. आज या रोगात पुष्कळदा वापरले जाणारे सेफ्ट्रियाक्झोन हेही याच रीतीने काम करते.

टेट्रासायक्लीनच्या जातीची औषधे मात्र जंतू मारीत नाहीत. त्यांची प्रथिने घडवण्याची क्रिया अडवून वाढ थांबवतात. अन्यत्र तेवढे पुरते, कारण उरलेले काम रक्तातील पांढऱ्या पेशी उरकतात. मेंदूभोवतालच्या पाण्यात हे रक्षक तोकडे पडतात. मग दोन्ही औषधे एकदम द्यावीत, असे कोणालाही वाटेल. लेपर व डाउलिंग या अमेरिकन वैद्यांनी १९५१ साली न्यूमोकॉकसच्या रुग्णांबाबत जे प्रसिद्ध केले, ते उलटेच होते: केवळ पेनिसिलीन दिलेल्यांत सुमारे ३० टक्के दगावले, दोन्ही दिलेल्यांत ७९ टक्के! कारण उघड आहे. वाढ थांबली की भिंतीचे कामही थांबते, आणि गवंडी कामावर आला तरच त्याचा हात धरता येतो.

फुटलेल्या जंतूंचे अवशेषही दाह वाढवतात. त्यासाठी पुष्कळदा पहिल्या मात्रेच्या थोडे आधी किंवा तिच्याबरोबरच डेक्सामेथासोन देतात.

आणखी एक अडचण राहते. रक्तातून मेंदूकडे जाणाऱ्या वाटेवर निसर्गाने कडक पहारा ठेवला आहे. पेनिसिलीन एरवी तेथून फारच थोडे आत जाते. दाहामुळे तो पहारा ढिला पडतो, आणि शिरेतून दिलेली मोठी मात्रा आत पोहोचते. चार दिवसांनी मूल उठून पेज मागू लागते, घरच्यांना गावी परतण्याची घाई होते. पण दाह ओसरताच पहारा पुन्हा कडक होऊ लागलेला असतो आणि काही जंतू अद्याप जिवंत असू शकतात. म्हणून मात्रा कमी न करता मेनिंगोकॉकससाठी बहुधा ७ दिवस, न्यूमोकॉकससाठी १० ते १४ दिवस औषध शिरेतूनच चालू ठेवतात.