बसवलेला दात आणि हिरडीचा बांध

दात पडले की पूर्वी गावाकडे बहुधा दोनच वाटा असत. कवळी लावायची, नाही तर भाकरी दुधात कुस्करून खायची. आता जळगाव-धुळ्यातही जबड्याच्या हाडात धातूचा स्क्रू बसवून त्यावर दात उभा करतात. यालाच इम्प्लांट म्हणतात. त्याचा खर्च मोठा असतो. तो वाया जाऊ नये म्हणून ही माहिती घरात सर्वांनी वाचावी.

स्वीडनमधील संशोधक ब्रॉनेमार्क यांना १९५२ साली सशाच्या हाडावर प्रयोग करताना आढळले, की टायटॅनियम धातूला हाड घट्ट धरून बसते. १९६५ साली त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले. हाड स्क्रूला पक्के धरायला साधारण ३ ते ६ महिने लागतात.

या दाताचा खालचा भाग मुद्दाम खरबरीत करतात. त्यावर बारीक कणांचा मारा करतात, मग आम्लाने धुतात. खरबरीत अंगाला हाड चांगले धरते. हिरडीतून वर येणारा मधला जोड मात्र गुळगुळीत ठेवतात. नांगराचा फाळ चकचकीत असला तर काळी माती चिकटत नाही, गंजलेल्या फाळाला मात्र ती थापून बसते. तोंडातल्या जंतूंच्या थराचेही तसेच आहे. म्हणून जोडाचा खरबरीतपणा साधारण ०.२ मायक्रॉनच्या आसपास ठेवतात. आपला केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून कल्पना यावी.

आणखी एक गोष्ट. केळीच्या पानावर नुसते औषध फवारले तर थेंब घरंगळतात, स्टिकर घातला की पसरतात. टायटॅनियम हवेत राहिले की त्यावर हवेतील सूक्ष्म मळ बसतो आणि पाणी नीट पसरत नाही. म्हणून काही ठिकाणी बसवण्याआधी जोडावर अतिनील किरण किंवा प्लाझ्मा सोडून तो स्वच्छ करतात. प्रयोगशाळेत अशा पृष्ठभागावर हिरडीच्या पेशी लवकर चिकटतात. प्रत्यक्ष तोंडात त्याचा लाभ किती काळ टिकतो, याचा अभ्यास चालू आहे. त्यामुळे केवळ त्यासाठी जादा पैसे मोजण्याची घाई करू नये.

खरी काळजी हिरडीची. नैसर्गिक दाताच्या मुळात हिरडीचे तंतू रुतलेले असतात. बसवलेल्या दाताभोवती ते बहुतेक नुसते वेढा घालून असतात. हा बांध कच्चा असतो. तो फुटला की जंतू खाली शिरतात आणि हाड झिजते, तेही बरेचदा न दुखता. हिरडीतून रक्त किंवा पू येणे, सूज, दात हलणे ही लक्षणे दिसताच दवाखाना गाठावा.

तंबाखू, बिडी, मशेरी व गुटखा बंद करावा. त्यांनी जखम भरायला उशीर होतो आणि दात टिकण्याची शक्यता घटते. साखरेचा विकार असेल तर साखर आटोक्यात आणूनच दात बसवावा. हाडांच्या ठिसूळपणावर गोळ्या वा इंजेक्शने चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगावे. टाचणी, तार, राख किंवा मशेरीने तो भाग घासू नये. ओरखडा पडला की गुळगुळीतपणा गेलाच. मऊ ब्रशने दोन वेळा दात घासावेत, फटींसाठी बारीक ब्रश वापरावा आणि दर ६ महिन्यांनी दाखवावे. इम्प्लांटचे नाव, माप व क्रमांक असलेले कार्ड मागून घ्यावे. पुढे दुसऱ्या डॉक्टरांकडे जावे लागले तर ते उपयोगी पडते.

धुळ्याला अण्णासाहेब चुडामण पाटील स्मृती दंत महाविद्यालय आहे. मोठा खर्च करण्यापूर्वी अशा ठिकाणी दुसरा सल्ला जरूर घ्यावा. कित्येकांना साधी कवळीही पुरेशी ठरते. शेताचा बांध आपण दर पावसाळ्याआधी पाहतो, हिरडीचा बांध मात्र रोज पाहावा.